सांधेवाल्यांची लाल लोकर

सांधेवाल्यांनी कधीही कुणाला ‘तुझं काम झालं का?’ असं विचारलं नाही. या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर मी छातीठोकपणे सांगते, असा दुसरा माणूस मला भेटला नाही. बाकीचे सगळे तेवढंच विचारतात आणि ‘हो’ म्हटलं की पुढे जातात. सांधेवाले विचारायचे, “झालेलं मिळालं कुणाला?” पहिल्यांदा हा प्रश्न कानावर पडला तेव्हा मला वाटलं, माणूस जरा चक्रमच दिसतोय.

त्यांचं खरं नाव वेगळं होतं, पण ऑफिसात ते फक्त पगाराच्या दिवशी वापरलं जायचं. त्यांचे वडील मनमाडला रेल्वेत सांधेवाले होते. खटका ओढायचा आणि आलेली गाडी योग्य रुळावर घालायची, हे त्यांचं काम. लेकाने ही गोष्ट इतक्यांदा सांगितली की पोरांनी नावच पाडलं. तोंडावर आम्ही त्यांना सर म्हणायचो, पाठीमागे सांधेवाले, आणि त्यांना ते ठाऊक होतं. पन्नाशीला टेकलेले, अंगात बायकोने विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर, पायात सँडल. आधी अंबडच्या एका कारखान्यात प्लॅनिंग खात्यात होते. कारखाना बंद पडल्यावर कम्प्युटर शिकले आणि आपल्या पोरांच्या वयाच्या लोकांत येऊन बसले.

दोन हजार पाचनंतरची ती वर्षं. तेव्हा नाशकात इंजिनिअर व्हायचं आणि पुण्याला पळायचं, असा रिवाजच होता. आमच्या पुण्याच्या कंपनीला कुठून बुद्धी झाली देव जाणे, तिने गंगापूर रोडला एका फर्निचरच्या दुकानावर ऑफिस काढलं आणि हॉस्पिटलांसाठी एक प्रॉडक्ट बनवायला दिलं. अट साफ होती. हे एक प्रॉडक्ट नीट उभं राहिलं तर ऑफिस नाशकात राहील, नाही तर बाडबिस्तरा गुंडाळायचा. सांधेवाल्यांनी ही अट घरचं कार्य असल्यासारखी अंगावर घेतली. पुण्यात खोल्या करून राहणाऱ्या नाशिककरांना त्यांनी स्वतः फोन केले. माझी मुलगी तेव्हा दीड वर्षाची, पंचवटीत सासूबाईंजवळ. नवऱ्याचं दुकान हलणारं नव्हतं आणि मी कोथरूडला कॉट बेसिसवर राहून शनिवारची वाट बघायची. ते फोनवर म्हणाले, “वर्षा, ये परत. आपल्याला हे ऑफिस टिकवायचंय.” मी दुसऱ्याच दिवशी तिथल्या नोकरीचा राजीनामा दिला.

आमच्याकडे तेव्हा स्क्रम नावाची नवी पद्धत आली होती. माणसांच्या लहान लहान टीम करायच्या, दर पंधरवड्याला कामाचा एक घास घ्यायचा, रोज सकाळी उभ्याने चार शब्द बोलायचे, घास संपला की करून दाखवायचं. एका टीमला हे झकास जमतं. आम्ही चार होतो. एक केसपेपर करायची, दुसरी लॅबोरेटरी, तिसरी आमची औषधांची, चौथी बिल आणि डिस्चार्ज. प्रॉडक्ट मात्र एकच. चार घरांनी मिळून एकच लग्न काढावं, तसला प्रकार. प्रत्येक घराचा तोरा वेगळा, आणि चौघांत मेळ घालायला सांधेवाले.

प्रत्येक टीमचा भिंतीवर स्वतःचा बोर्ड होता, त्यावर कामाच्या चिठ्ठ्या. सांधेवाल्यांनी पाण्याच्या कूलरजवळ पाचवा बोर्ड लावला. एका टीमच्या कामावर दुसरीचं काम अडलेलं असेल, तर दोघींच्या चिठ्ठ्या तिथे टोचायच्या आणि मधे लाल लोकर बांधायची. लोकर त्यांच्या बायकोच्या विणकामातली. नियम एकच होता आणि त्यात देवाचीही गय नव्हती. काम देणाऱ्याने लोकर कापायची नाही. ज्याला ते मिळायचं, त्याने ते आपल्या कामात लावून, चालवून बघायचं आणि मग त्यानेच कापायची. रोज साडेदहाला प्रत्येक टीममधला एक जण तिथे यायचा. सांधेवाले एकेका लोकरीला बोट लावून विचारायचे, आज कुणामुळे कोण अडलंय.

आम्ही टवाळी केली नाही असं नाही. कूलरपाशी कुणी उभं राहिलं की स्वेटर कुणाचा चाललाय, अशी चौकशी व्हायची. पण एकदा आमची आणि बिलवाल्यांची लोकर दोन आठवडे सुटेना. आम्ही म्हणायचो आमचं झालंय, ते म्हणायचे आमचं झालंय. सांधेवाल्यांनी दोन्हीकडची माणसं एका टेबलाला बसवली, मिसळ मागवली आणि एका खोट्या पेशंटला दहा गोळ्या द्यायला लावल्या. बिल आलं दहा पाकिटांचं. आम्ही गोळ्या मोजत होतो, ते पाकिटं. दोघांचंही बिनचूक. सांधेवाले हसले नाहीत. रश्शात पाव बुडवत म्हणाले, “गाडी रुळावर घसरत नाही रे. सांध्यावर घसरते.” त्या दिवसापासून स्वेटरची चौकशी बंद झाली आणि जवळजवळ वर्षभर आमची गाडी खरंच सुरळीत चालली. संध्याकाळी साडेसहाला मी पंचवटीत घरी असायची. मुलगी जिन्यात उभी असायची. तेवढं सुख मला पुन्हा कधी मिळालं नाही.

मग पुण्याहून नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. वाईट असता तर भांडता आलं असतं. त्यांना चारही टीम सुस्त वाटल्या. त्यांनी शाळेत असते तशी फिरती ढाल आणली. पंधरवड्यात ज्या टीमच्या जास्त चिठ्ठ्या पुऱ्या होतील, तिच्या टेबलावर ढाल आणि वर टाळ्या. अहो, काय जादू झाली म्हणून सांगू! शिकलीसवरलेली, लग्नं झालेली माणसं त्या पितळी ढालीसाठी येडी झाली. दुसऱ्या टीमचं काम आपल्यात लावून बघण्यात सकाळ घालवायची, आणि ती मोजली कुठेच जात नाही. मग कोण घालवतो? साडेदहाला कुणी येईनासं झालं. सांधेवाले बोर्डापाशी एकटे उभे राहायचे, मग एकेकाच्या टेबलाशी जाऊन विचारायचे. लोक हेडफोन न काढता मान हलवायचे.

आणि हळूहळू देणारेच लोकर कापू लागले. आपलं संपलं, कापून मोकळं व्हायचं. सांधेवाल्यांच्या लक्षात आलं. त्यांनी कापलेले तुकडे पुन्हा गाठ मारून जोडले. दुसऱ्या दिवशी परत कापलेले. ते साहेबांकडे गेले, दार उघडं होतं म्हणून आम्ही सगळ्यांनी ऐकलं. साहेब समजुतीने म्हणाले की चारही टीम वेळेत आहेत, सगळ्या चिठ्ठ्या पुऱ्या झालेल्या आहेत, मग तुमची नेमकी अडचण काय? सांधेवाले म्हणाले, “साहेब, चार टीम वेळेत आहेत. प्रॉडक्ट कुठंय?” साहेबांना तो उद्धटपणा वाटला.

मुंबईचे गिऱ्हाईक प्रॉडक्ट बघायला येणार होते. त्यावरच ऑफिसचं ठरणार होतं. त्याआधी सांधेवाल्यांनी दोन दिवस मागितले. नवी चिठ्ठी नाही, फक्त चारही कामं एकत्र लावून चालवायची. त्यांच्या डोक्यात एक लोकर होती, केसपेपर आणि लॅबोरेटरीच्या मधली. केसपेपरवाल्यांनी नवजात बाळाला आईचाच नंबर द्यायचं ठरवलं होतं, पुढे एक अक्षर जोडून. लॅबवाल्यांनी ते अक्षर घेतलं की नाही, हे कुणी चालवून बघितलंच नव्हतं. दोन्ही टीमप्रमुख म्हणाले, आमचं झालंय. साहेबांनी दोन दिवस नाकारले, कारण दोन दिवसांत ढालीचा पंधरवडा संपत होता. वर पाहुण्यांना दिसायला बरं दिसावं म्हणून कूलरजवळचा बोर्डही साफ करायला सांगितला. ऑफिस आवरणाऱ्या मावशींनी उरलेली सगळी लोकर काढून कचऱ्याच्या डब्यात टाकली. सांधेवाल्यांना ती डब्यातून उचलताना मी पाहिलं. त्यांनी ती स्वेटरच्या खिशात कोंबली.

पाहुण्यांपुढे चारही टीमनी आपापला भाग दाखवला आणि खरं सांगते, दृष्ट लागावी असा दाखवला. टाळ्या झाल्या. मग पाहुण्यांतल्या एक डॉक्टर बाई म्हणाल्या, एक बाळंतीण भरती करा आणि घरी जाईपर्यंत दाखवा. खोटी बाळंतीण, खोटं बाळ. बाळाच्या रक्ताची तपासणी झाली आणि रिपोर्ट आला आईच्या नावावर. आईला कावीळ. आमच्या औषधांच्या भागाने तो रिपोर्ट मानून आईला औषध दिलं, बिलवाल्यांनी ते बिलात लावलं आणि बाळ निरोगी म्हणून घरी गेलं. सगळं पडद्यावर, भराभरा, कुठेही न अडखळता. डॉक्टर बाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, “हे खरं बाळ असतं तर?” सांधेवाले मागे भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी डोळे मिटले होते.

महिन्याभरात ऑफिस गुंडाळलं. ज्यांना यायचंय त्यांनी पुण्याला या, असा निरोप आला. सांधेवाल्यांना तेवढाही नाही. साहेबांनी वर कळवलं होतं की टीमटीममधला मेळ बघणं हे त्यांचं काम होतं आणि ते त्यांना जमलं नाही. मी चिडले, भांडायची भाषा केली. ते म्हणाले, “चूक काय त्यात? काम तेच होतं माझं.” शेवटच्या दिवशी खुर्च्या टेंपोत चढत होत्या आणि हा माणूस खिडकीत बसून त्या लोकरीच्या तुकड्यांना गाठी मारून गुंडा करत होता. मी विचारलं, आता कशाला? म्हणाले, बायकोची आहे, परत द्यायला हवी. मला रडू आवरलं नाही.

मी परत कोथरूडला. दर रविवारी दुपारी नाशकात ठक्कर बाजारच्या स्टँडवर पुण्याची गाडी, आणि गाडीत बघावं तर आमचंच ऑफिस. केसपेपरवाले पुढे, लॅबवाले मधे, बिलवाले खिडक्या धरून. सहा महिन्यांनी एका रविवारी सांधेवाले स्टँडवर दिसले, कुणा नातेवाइकाला सोडायला आले होते. गालफडं बसलेली, स्वेटर तोच. खाली सासूबाई माझ्या मुलीला घेऊन उभ्या होत्या. ती नेहमीसारखी रडत नव्हती, त्याचंच मला जास्त वाईट वाटायचं. तिला सवय झाली होती. सांधेवाले दारातून आत डोकावले. आम्ही सगळे उठून उभे राहिलो. त्यांनी पुढून मागपर्यंत एकेकाकडे पाहिलं, पूर्वी लोकरीला बोट लावत तसं.

“चारही टीम एका गाडीत,” ते म्हणाले. “एवढंच तर मागत होतो मी.”

कंडक्टरने घंटी मारली तसे ते उतरले. ड्रायव्हर गाडी मागे घेत असताना मी खिडकीतून बघितलं, ते माझ्या मुलीचं बोट धरून तिला रस्त्यावरून बाजूला घेत होते आणि ती त्यांना काहीतरी विचारत होती. पुढच्या शनिवारी मी घरी आले तेव्हा तिने सांगितलं. तिने विचारलं होतं, माझ्या आईचं काम कधी होणार? आजोबांनी बोट आणखी घट्ट धरलं, म्हणाली.