काचेवरचा दुसरा तुकडा

इस्पितळाच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत, पापुद्रेबाई एकतीस वर्षं काम करत होत्या. हे काही त्यांचं आडनाव नव्हे, पण खरं नाव हजेरीपटाबाहेर कुणी वापरत नसे. पेशंटच्या शरीरातून तपासणीसाठी काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, यंत्राच्या पात्यावर त्याचे केसाहून पातळ पापुद्रे काढायचे, ते कोमट पाण्याच्या तसराळ्यात पसरू द्यायचे आणि काचेवर अलगद उचलून घ्यायचे, हे त्यांचं काम. मग वरच्या मजल्यावरचे मोठे डॉक्टर ती काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून कॅन्सर आहे की नाही ते सांगायचे. नाव डॉक्टरांचं व्हायचं आणि पाठ बाईंची दुखायची, पण जगात सगळीकडे असंच असतं, असं बाईंचं मत होतं.

बाई तापट होत्या. नव्याने शिकायला आलेल्या मुलीला पहिल्या आठवड्यात एकदा तरी रडवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांचा नियम एकच. एक ठोकळा कापून झाला की पाण्यावरून टिपकागद फिरवायचा आणि मगच दुसऱ्याला हात लावायचा. कारण पाण्यावर एखादी कपची तरंगत राहते, नुसत्या डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, आणि पुढच्या माणसाच्या काचेला जाऊन चिकटते. "एकाचं दुखणं दुसऱ्याच्या गळ्यात मारायला बसलोय का आपण इथे?" असं त्या ओरडल्या की जिन्यावरून जाणारे लोकही थबकायचे. मुली त्यांच्या पाठीमागे नक्कल करायच्या. टेबलावर चहा सांडला तरी एकमेकींना विचारायच्या, "कागद फिरवलास का गं?" हे बाईंच्या कानावर यायचं आणि त्या मनातून खूश व्हायच्या.

या खोलीत वर्षातून एकदा टेलरमास्तर यायचे. नऊ वर्षांपूर्वी पोटात दुखतं म्हणून त्यांची दुर्बिणीतून तपासणी झाली, जठराच्या वरच्या भागात एक जखम दिसली, तिचा तुकडा घेतला आणि त्यात कॅन्सर निघाला. महिन्याभरात त्यांचं अख्खं जठर काढून अन्ननलिका थेट आतड्याला जोडली. काढलेल्या जठरात मात्र डॉक्टरांनी कितीही शोधलं तरी गाठ सापडेना. तेव्हा सगळे म्हणाले, नशीबवान माणूस, गाठ एवढीशी होती की तपासणीच्या चिमट्यातच निघून आली. कधी कधी असं खरंच होतं, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारण नव्हतं.

पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर माणूस लवकर कसा उभा राहील, यावर तेव्हा इस्पितळात अभ्यास चालू होता. मास्तर त्यातले सगळ्यात आज्ञाधारक पेशंट. दुसऱ्याच दिवशी नळ्यांसकट व्हरांड्यात चालले. दिवसातून सहा वेळा चार-चार घास खायला शिकले. घास जरा मोठा झाला की घाम फुटायचा, छातीत धडधडायचं आणि शिवणयंत्र तसंच सोडून आडवं व्हावं लागायचं. वजन उतरलं ते पुन्हा चढलं नाही. स्वतःच्याच विजारी त्यांना तीनदा आतून टीप मारून लहान करून घ्याव्या लागल्या. "गिऱ्हाईक मापं देऊन थकतं, मी घेऊन थकलो," असं ते हसत सांगायचे.

एवढंच असतं तर बाईंनी ते ऐकून सोडून दिलं असतं. पण मास्तर उपकार मानायचे. वार्षिक तपासणीला आले की आधी वॉर्डात जाऊन नव्या पेशंटांच्या उशाशी बसायचे, "माझ्याकडे बघा, मी गेलो का?" म्हणून त्यांना धीर द्यायचे आणि मग खाली येऊन बाईंना म्हणायचे, "वरच्यांनी कापलं, पण पकडलंत तुम्ही." तळमजल्यावरच्या माणसाचे असे उपकार कोण मानतं? दोन वर्षांपूर्वी त्यांनी बाईंच्या मापाचा ॲप्रन शिवून आणला होता. बाईंचा उजवा खांदा काम करून करून खाली आला होता, तेवढं बरोबर धरलं होतं. बाई तो रोज घालायच्या.

मग संशोधन करणारी मुलगी आली. जठराच्या कॅन्सरमधून जे खूप वर्षं जगले ते कशामुळे जगले, याचा शोध ती घेत होती. तिला जुने ठोकळे पुन्हा कापून हवे होते. बाईंनी मास्तरांच्या त्या पहिल्या तुकड्याचा ठोकळा कापून दिला. मुलीला त्यात काही सापडलं नाही. बाईंनी आणखी आत कापला, मग पार तळापर्यंत. कॅन्सरचा मागमूस नव्हता. मुलीने जुनी काच मागवली. तिच्यावर मास्तरांचा तुकडा होता आणि कडेला, थोडा सुटा, मोहरीहून लहान असा एक गडद ठिपका. कॅन्सर तेवढाच. मुलगी हट्टी, तिने त्या ठिपक्याचा कणभर भाग खरवडून त्याची जनुकं तपासायला पाठवली.

"बाई, गंमत झालीय," ती आठवड्याने कागद नाचवत आली. "हा तुकडा बाईमाणसाचा आहे म्हणे! लॅबवाल्यांनी नक्की घोळ घातला असणार."

त्यांनी कपाटातून नऊ वर्षांपूर्वीचं नोंदबुक काढलं. मास्तरांच्या आकड्याच्या बरोबर वर दुसरा एक आकडा होता, एका बेचाळीस वर्षांच्या स्त्रीचा. तिच्या रिपोर्टात जठराचा कॅन्सर होता आणि तो तिचा खराच होता. सात महिन्यांनी ती वारली, तशी नोंद होती. दोन्ही ओळींपुढे कापणाऱ्याची सही एकच, लपेटेदार, पापुद्रेबाईंची.

"घोळ त्यांनी नाही घातला," बाई म्हणाल्या. "कागद फिरवला नाही मी."

मुलीचा चेहरा पडला. ती पाणी आणते म्हणून निघून गेली.

त्या दिवसापासून बाईंची झोपही गेली आणि जागही धड राहिली नाही. भांडी घासताना पाण्यावर कण तरंगला की हात थांबायचा. बादली भरली की त्या वाकून बघत राहायच्या. कामावर तर तसराळ्याच्या पलीकडे कुणीतरी उभं आहे, असं त्यांना वाटायला लागलं. चेहरा नाही, नाव ठाऊक नाही, नुसती एक बेचाळीस वर्षांची बाई, आपली वस्तू परत मागायला आल्यासारखी. बाई एकदा, दोनदा, पाच-पाच वेळा कागद फिरवायच्या. ती हलायची नाही.

"पाण्यात काय मासे शोधतेस?" नवऱ्याने विचारलं. तो बसचा निवृत्त कंडक्टर, थट्टेखोर माणूस. बाईंनी त्याला सगळं सांगितलं.

"मुद्दाम केलंस का तू?"

"नाही."

"मग झालं तर."

"काय झालं तर? मुद्दाम केलं असतं तर निदान आठवलं तरी असतं," बाई म्हणाल्या. "मला तो दिवसच आठवत नाही. घाई होती, डोकं दुखत होतं, कुणाशी भांडले होते, काहीच नाही. एका माणसाचं जठर गेलं आणि मला तो दिवस आठवू नये?"

याचाच त्यांना सगळ्यात जास्त त्रास होत होता. कारण सापडलं असतं तर त्याला धरून रडता तरी आलं असतं.

मोठ्या डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, फक्त खुर्चीत फार वर्षं बसलेला होता. "ती काच मीही बघितली होती, बाई," ते म्हणाले. "सुटा तुकडा बघून मला शंका यायला हवी होती. पण मास्तरांना हे सांगायचं तर सोनारानंच कान टोचावेत. समिती बसेल, वकील बघतील, मग रीतसर पत्र जाईल. तोवर तुम्ही त्यांच्याशी एक शब्द बोलायचा नाही. बोललात तर मी तुम्हाला वाचवू शकणार नाही."

"किती दिवसांत जाईल पत्र?"

"बघू."

बघू बघू म्हणता तीन महिने गेले. आणि मास्तर वार्षिक तपासणीला आले.

नेहमीप्रमाणे ते वॉर्डातून खाली उतरले. जिन्यावर त्यांना दोनदा थांबावं लागलं, ते बाईंनी दारातून पाहिलं. "आज एक जण ऑपरेशनला तयारच नव्हता," खुर्चीत टेकत ते म्हणाले. "त्याला म्हटलं, माझंही जठर काढलंय, नऊ वर्षं झाली. लगेच सही केली बघा त्याने."

त्या माणसाला सही करायलाच हवी होती, त्याचा कॅन्सर खरा होता. पण बाईंना पुढे ऐकवेना. त्यांनी दार लावून घेतलं आणि मास्तरांच्या समोर स्टुलावर बसल्या.

"मास्तर, तुम्हाला कॅन्सर नव्हता."

मास्तर हसले. "बरा झाला म्हणा की."

"झालाच नव्हता. दुसऱ्या पेशंटचा कण माझ्या पाण्यात राहिला आणि तुमच्या काचेवर आला. चूक माझी आहे. वरून सांगितलंय की तुमच्याशी बोलायचं नाही, म्हणून मी बोलतेय."

मास्तरांचं हसू चेहऱ्यावर तसंच थोडा वेळ राहिलं, कारण ते कुठे ठेवावं हे त्यांना कळेना.

"मग ते दुखायचं ते?"

"साधा अल्सर. गोळ्यांनी भरला असता."

"आणि तो दुसरा पेशंट?"

"बाई होती. त्याच वर्षी गेली."

मास्तरांनी रुमाल काढला, घडी उलगडली, पुन्हा घातली. बाहेर जिन्यावरून कुणीतरी औषधांची ट्रॉली धाडधाड उतरवत होतं.

"घरी बायको नऊ वर्षं माझ्याबरोबर चार घास खाऊन उठते," ते म्हणाले. "म्हटलं, तू जेव की पोटभर. तर म्हणते, तुम्ही बघत बसणार आणि मी जेवणार, बरं दिसत नाही. तिला काय सांगू मी?"

इतक्या मुलींना धाकात ठेवणारी ही बाई, पण तिच्या तोंडून माफीचा साधा शब्द धड बाहेर पडेना. "तुम्ही तक्रार करा," एवढंच त्या म्हणाल्या. "नोंदबुकात माझी सही आहे. मी नाही म्हणणार नाही."

मास्तरांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. ते म्हणाले, "मला बघायचंय."

पापुद्रे नीट आलेत की नाहीत ते पाहायला खोलीत एक जुना सूक्ष्मदर्शक होता. बाईंनी कपाटात जपून ठेवलेली ती काच त्याच्याखाली ठेवली, मास्तरांची खुर्ची पुढे सरकवली, त्यांच्या डोळ्यांना जुळतील अशी दोन्ही भिंगं जवळ आणली. "कडेला गडद दिसतंय ना," त्या म्हणाल्या, "ती ही."

मास्तरांनी पाहिलं. "लहान आहे," ते म्हणाले. "बिचारी." मग विचारलं, "आणि मी?"

बाईंनी काच बोटभरही नाही, केसभर सरकवली. जठराच्या अस्तरातल्या जांभळट-गुलाबी बारीक नळ्या, ओळीला ओळ लागून बसलेल्या, जवळजवळ घातलेल्या टाक्यांसारख्या. मास्तर पुढे वाकले. त्यांचा श्वास काचेवर येत होता आणि बाईंनी त्यांना एरवी मुलींवर ओरडतात तसं काही म्हटलं नाही.

"हे माझं?"

"हो."

"यात खराब काहीच नाही?"

"थोडी सूज आहे. बाकी काही नाही."

मास्तरांनी भिंगांवरून डोळे काढले नाहीत. एका हाताने त्यांनी टेबलाची कड धरली होती आणि दुसरा हात पोटावर, सदऱ्याच्या तिसऱ्या बटणापाशी होता.

"चांगलं होतं की हो," ते म्हणाले.