आईची शपथ आणि दादाचा टॉवर

माझा दादा मोबाइलचे टॉवर उभारतो. आधी नेपाळ, मग टांझानिया, आता मोझांबिक. जिथे इंटरनेट पोचलेलं नाही तिथेच त्याला पाठवतात, आणि पोचलं रे पोचलं की पुढच्या देशात रवानगी. अख्ख्या जगाला जोडून देतो आणि आम्हाला मात्र त्याचा फोन लागत नाही! बाबा गेले तेव्हा तो टांझानियातल्या कुठल्याशा गावात होता. त्याला कळेपर्यंत इथे तेरावाही उरकला होता. नंतर कितीतरी महिने तो माझ्याशी धड बोलला नाही.

या वेळी आईचं अपेंडिक्स फुटलं. पनवेलच्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, लगेच ऑपरेशन करावं लागेल, पण वय बघता काही सांगता येत नाही. आणि या बाईसाहेब स्ट्रेचरवरून मलाच दटावतात, "दादाला सांगशील तर माझ्या गळ्याची शपथ!" परदेशातल्या माणसाच्या जिवाला घोर लावायचा नाही, हा आमच्या घरचा कायदाच. असा संताप आला मला! पण शपथ ती शपथ, आणि तीही गळ्याची. मी मोडली आणि आत काही झालं तर?

तिला आत नेलं आणि माझा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. दादा! त्याचा तिथला टॉवर नुकताच सुरू झाला होता. मागे गावातली माणसं हात हलवत होती, बायका नाचत होत्या.

"पहिला फोन आईला लावला, तर ती उचलतच नाही. दे तिला!"

"झोपलीये," मी म्हणाले.

"आत्ता? आणि तू आहेस कुठे?"

तोंडाने सांगणं जमेना. मी कॅमेरा फिरवला आणि ऑपरेशन थिएटरच्या दारावरचा लाल दिवा त्याला दाखवला. सांगितलं कुठे, नुसतं दाखवलं, अशी मनाची समजूत घातली.

तो गर्दीतून बाजूला गेला. "कट करू नकोस," एवढंच म्हणाला. मध्येच त्याचं चित्र थिजायचं, आणि आतून जरा कुठे आवाज आला की वाटायचं, संपलं सगळं. माझ्यामुळे संपलं. देवा, ती शपथ मला लागू दे, तिला नको.

दिवा विझला. बऱ्याच वेळाने मला आत सोडलं. फोन मी ओढणीआड धरला होता. आईने डोळे किलकिले केले.

"त्याला कळलं नाही ना गं?"

मला रडू आवरेना. ओढणीतून दादाच बोलला, "नाही आई. मला काहीच कळलं नाही."