वार्तिनी गेल्यानंतरचे डाग

तैवानमधल्या लुकांगच्या बाजारात यूए-चिनचं न्याहारीचं दुकान होतं. पहाटेपासून ती तव्यासमोर उभी असे, म्हणून वडिलांचं करायला तिने जावाहून आलेली वार्तिनी ठेवली होती. वडील, म्हातारे थिएन-तिंग, जन्मभर शेवया वाळवून विकत आलेले. हृदयात स्टेंट बसवल्यापासून रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत, आणि अलीकडे त्यांना विसरायलाही होत होतं. वार्तिनी त्यांना आ-गोंग म्हणायची, आजोबा. तीन वर्षं तिने त्यांचं हगणंमुतणं काढलं, पण कधी तोंड वाकडं केलं नाही.

त्या वसंतात म्हाताऱ्याच्या दंडावर काळानिळा डाग उठला. तो आधी वार्तिनीनेच दाखवला. डॉक्टरांनी गोळ्यांवर बोट ठेवलं आणि दोनातली एक बंद केली. तरी डाग येतच राहिले, तळहाताएवढे, कधी काखेजवळ, कधी पाठीवर. शेजारीण म्हणाली, असे डाग बोटांचे असतात. यूए-चिनच्या डोक्यात ते पक्कं बसलं. वडिलांना विचारलं तर ते नुसते हसले.

"मी हात उचलला नाही, ताई," वार्तिनी म्हणाली. "मी त्यांना धरते ना, तेवढंच."

"मग हे काय आभाळातून पडलं?"

यूए-चिनच्या तक्रारीवरून, वार्तिनीला कामाला लावून देणाऱ्या एजंटाने तिच्या कागदांवर मारहाणीचा शेरा मारला. दुसऱ्या घरी कुणी घेईना, तेव्हा ती गावी परत गेली.

ती गेल्याच्या अकराव्या दिवशी म्हाताऱ्याची मांडी सुजून काळी पडली. आता यूए-चिनशिवाय कुणीच त्यांना हात लावत नव्हतं. दुकान बंद ठेवून ती त्यांना घेऊन निघाली.

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांचं रक्त निरोगी माणसाच्या रक्तात मिसळून पाहिलं. तेही वेळेत गोठेना. म्हाताऱ्याच्या शरीरानेच रक्त गोठवणाऱ्या घटकाविरुद्ध काहीतरी तयार केलं होतं. हे गोळ्यांचं काम नव्हतं आणि कुणाच्या बोटांचंही नव्हतं.

"गोठायचं औषध द्यावं तर स्टेंट बंद पडायची भीती, न द्यावं तर रक्त थांबायचं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लवकर आला असतात तर थोडं सोपं गेलं असतं."

यूए-चिनने संमतीच्या कागदावर सही केली. औषध बेताने दिलं, सोबत स्टिरॉइड सुरू केलं. पाचव्या दिवशी रक्त थांबलं. म्हातारा शुद्धीवर होता, दाराकडे बघून वार्तिनीला हाक मारायचा. फोन लावून द्यावा असं यूए-चिनला रोज वाटे, पण काय तोंडाने बोलणार, म्हणून रोज ती उद्यावर ढकलायची. नवव्या दिवशी हृदयाचा झटका आला आणि म्हातारा गेला.

पंधरवड्याने ती एजंटाकडे गेली. शेरा खोटा होता असं तिने लिहून दिलं. कागद ठेवून घेत तो म्हणाला, बाई कधीच गेली, आता याचा काय उपयोग. तिने वार्तिनीचा गावचा नंबर मागून घेतला.

फोनवर तिने सगळं सांगितलं, माफी मागितली. पलीकडे वार्तिनी बराच वेळ रडत होती. माफ केलं असं ती म्हणाली नाही.

"शेवटचे कपडे कुणी घातले?" तिने विचारलं.

"मी."

"उजवा हात आधी घातलात ना, ताई? तो वर जात नाही त्यांचा."

यूए-चिन हो म्हणाली. तिला हे ठाऊकच नव्हतं.