आंधळ्या आशेची गोष्ट

शामराव मास्तरांनी १९९६ सालच्या पावसाळ्यात रविवारचा वर्ग बंद केला. माणसाच्या जन्माची गोष्ट तेव्हा अर्ध्यावर होती. ती त्यांनी पुढे कुणालाच सांगितली नाही.

वर्ग म्हणजे इंदिरानगरमधल्या त्यांच्या घराचा व्हरांडा आणि आठ-दहा मराठी मुलं. मी वरच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. नागपूरहून येऊन एका इंग्रजी वर्तमानपत्रात लागलो होतो. मास्तरांचं घराणं चार पिढ्या बेंगळुरूत. त्यांनी शाळेत इतिहास शिकवला आणि निवृत्तीनंतर ग्रीकांचं जग कसं झालं ते सांगू लागले. आधी पोकळी, मग पृथ्वी, मग आकाश, हा क्रम ते मोडू देत नसत. पहिल्याच रविवारी एका मुलीनं विचारलं, "तेव्हा देव कुठे होते?"

"स्वल्प थांब," मास्तर म्हणाले. "देव अजून जन्मले नाहीत."

त्यांच्या पत्नी सरोजाक्का स्वयंपाकघरातून ऐकत असत. आकाशाला त्याचाच मुलगा विळ्यानं कापतो, तिथं त्या ओरडल्या, "नाश्त्याच्या आधी हे सांगताय पोरांना?"

"नंतर सांगितलं तर ओकतील."

"प्रोमीथियस नावाच्या देवानं चिखलाचा माणूस केला, इथवर सगळेच सांगतात," मास्तर एका रविवारी म्हणाले. "त्या माणसाला आपलं मरण आधीच दिसायचं. हातपाय गाळून बसून राहायचा. मग प्रोमीथियसनं ते दिसणं काढून घेतलं आणि त्या जागी आंधळी आशा घातली." हे उपकार की फसवणूक, असं मुलांनी विचारलं. "पुढच्या रविवारी," मास्तर म्हणाले.

त्याच आठवड्यात अक्कांच्या पोटातल्या गाठीचा अहवाल आला. मास्तरांना मी स्कूटरवरून हॉस्पिटलमध्ये नेलं. डॉक्टर त्यांच्याशी कन्नडमध्ये बोलले. शेवटी आवाज उतरवून म्हणाले, "आसे इट्कोबेडी." त्यातलं 'आसे' मला कळलं.

आम्ही घरी परतलो तेव्हा अक्का दारातच उभ्या होत्या. धारवाडच्या धाकट्या बहिणीशी त्यांचा अकरा वर्षं अबोला होता. मला त्या तम्मा म्हणत, धाकट्या भावाला म्हणतात तसं.

"तम्मा, मास्तर लपवतील. तू खरं सांग. जाणार असेन तर आधी धारवाडला जाते, तिचे पाय धरते. राहणार असेन तर तिनंच यावं."

"आशा ठेवा म्हणाले डॉक्टर," मी सांगितलं.

"सरी, बरं," अक्का म्हणाल्या. "मग येऊ दे तिलाच." मास्तर चपला काढत होते. त्यांनी त्या भिंतीशी जोडीनं नीट लावून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी एका कन्नड सहकाऱ्याला 'इट्कोबेडी'चा अर्थ विचारला. तो हसला. "ठेवू नका. 'बेड' म्हणजे नको. वर्ष झालं ना रे तुला इथं?" मग कोण कुणाला म्हणालं ते मी सांगितलं, आणि तो हसायचा थांबला.

संध्याकाळी मास्तर तांदूळ निवडत होते. चूक झाली, असं मी म्हणालो.

"ठाऊक आहे. मी तिथेच होतो."

"मग मला अडवलं का नाहीत?"

"महिन्यानंतर काल ती पोटभर जेवली." बराच वेळ त्यांचं बोट ताटातल्या तांदळांतून फिरत राहिलं. "तूच सांग तिला. तुझ्या तोंडून गेलंय."

"तुम्ही सांगा मास्तर. तुमचं ऐकतील."

"उद्या," ते म्हणाले.

रविवारी मुलं आली. मास्तरांनी त्यांना फाटकातूनच परत पाठवलं. अक्कांना त्यांनी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. दोनदा मी त्यासाठी जिना उतरलो आणि दोन्ही वेळा अक्कांनी माझ्या हातात कॉफी दिली.

तिसऱ्या आठवड्यात त्या बेशुद्ध झाल्या. मी एसटीडी बूथवरून धारवाडला फोन केला. अक्का दुपारी गेल्या. बहीण दुसऱ्या दिवशी सकाळी पोचली. अहवाल कधी आला होता, असं तिनं विचारलं. मास्तरांनी तारीख सांगितली.