गार न करणारे माठ

धायरीतल्या आमच्या शाळेच्या अध्यक्षांनी मार्चमध्ये मला कार्यालयात बोलावलं. "सर, आपली बाग दर उन्हाळ्यात मरते. यंदा जूनमध्ये हिरवी दिसली नाही, तर तिथे पेव्हर ब्लॉक. पार्किंग होईल."

"आणि दिसली तर?"

"आपण आशावादी आहात," ते म्हणाले. पुण्यात याला अपमान म्हणतात.

त्यांचं अगदीच चुकत नव्हतं. आम्ही दर वर्षी हौसेने गुलाब आणि लॉन लावायचो. खाली मुरूम, कडेला तापलेली सिमेंटची भिंत, एप्रिलपासून आटणारी बोअर, आणि नेमकी तेव्हाच शाळेला सुट्टी. या वेळी मी गुलाबांना कायमची रजा दिली आणि लाल भोपळा, गवार, चवळी लावली. मधे मधे माठ गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरायचे, म्हणजे ओल हळूहळू मुळांशी पाझरते, चार दिवस पाहावं लागत नाही. वर्गात फर्मान काढलं: घरातला गार न करणारा जुना माठ आणा. दोन दिवसांत बावीस आले. पुरताना माझा आव असा, की ही युक्ती जगात प्रथम मलाच सुचली.

आठवड्याने माठ काठोकाठ भरलेले आणि वेलांनी माना टाकलेल्या.

आमच्या शाळेच्या मावशींच्या सासऱ्यांचं शेत आता शेजारच्या सोसायटीखाली आहे. त्या झाडू टेकवून म्हणाल्या, "सर, जो माठ पाणी गार करत न्हाय, त्यो पाझरतच न्हाय. म्हणून तर लोकांनी दिला."

बाष्पीभवनाचा धडा मी वीस वर्षं शिकवतोय.

"मग आता?"

"आता उकरा. बोअरच्या पाण्याचा खार बसलाय. चिंच लावून घासू."

सगळा वर्ग चिंच आणि विटेचे तुकडे घेऊन बसला. वीस माठांना पुन्हा घाम फुटला, दोन मात्र हट्टी निघाले. एकाच्या जागी मावशींनी घरचा माठ आणला. दुसऱ्याच्या जागी मी अध्यक्षांच्या कार्यालयातला कोरा माठ नेला आणि तिथे तो हट्टी ठेवला. याला चोरी म्हणत नाहीत, बदली म्हणतात. सुट्टीत मी आणि मावशी दर चार दिवसांनी येऊन माठ भरत राहिलो. अध्यक्ष मेभर कोमट पाणी प्यायले.

जूनमध्ये ते पाहणीला आले. भोपळ्याने भिंत पूर्ण झाकली होती.

"फुलं कुठायत?"

मावशींनी भोपळ्याच्या घारग्यांची ताटली पुढे केली. त्यांनी चार खाल्ले, मग वेलांखाली वाकून बराच वेळ पाहिलं. "सर, तो कोपऱ्यातला माठ ओळखीचा वाटतो."

"तो इथेच कामाला लागलाय. परत बोलावू का?"

त्यांनी पाचवा घारगा उचलला.

ठेकेदाराने नमुन्याचे पेव्हर ब्लॉक आधीच आणून टाकले होते. ते आम्ही परत दिले नाहीत. डास होऊ नयेत म्हणून प्रत्येक माठाच्या तोंडावर त्यातला एकेक झाकण म्हणून ठेवलाय.