भावोजींच्या बोटीला स्पीकर बसवले तेव्हा

अक्काला काचबिंदू आहे हे आम्हाला तीन वर्षांपासून माहीत होतं. पण गेल्या वर्षी उन्हाळा सुरू होताना डॉक्टरांनी सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही, आणि उरलेली किती दिवस टिकेल तेही आत्ताच सांगता येणार नाही. उजव्या डोळ्याने तिला उजेड आणि अंधार तेवढा कळत होता. डाव्याने समोरच्या माणसाची आकृती दिसायची, तीही अगदी समोर असला तर. अक्का खुर्चीतून उठली, "सरी डॉक्टर", म्हणजे ठीक आहे, एवढंच म्हणाली आणि बाहेर आल्यावर तिने मला विचारलं, "कॉफी घेऊया का?"

तिने कॉफी घेतली. मी उभाच राहिलो. मला बसवतच नव्हतं.

अक्का माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. आई-वडील दोघंही नोकरीला, त्यामुळे मल्लेश्वरमच्या शाळेत मला सोडायला-आणायला तीच यायची. लग्नानंतर ती येलहंक्याला गेली, मी मल्लेश्वरममध्येच राहिलो. नोकरी व्हाइटफील्डला. त्या महिन्यात ऑफिसमध्ये माझं एका जागी लक्ष लागेना. मीटिंग चालू असताना मी कॅमेरा बंद करून फेऱ्या मारायचो. दिवसातून तीनदा अक्काला फोन करून थेंब घातले का विचारायचो. चौथ्या दिवशी तीच वैतागली. "डोळे माझे आहेत. तू स्वल्प गप्प बस बघू."

स्वल्प म्हणजे थोडं. आमच्या घरात शेकडो वर्षं इथे राहून असे कन्नड शब्द कधी आले ते कुणालाच सांगता येणार नाही. पण थोडंसुद्धा गप्प बसणं मला जमत नव्हतं.

भावोजी हवाई दलाच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले आहेत. येलहंक्याच्या पुढे, वस्ती विरळ होते तिथल्या एका तलावावर छोटा बोटिंग क्लब आहे. तिथे त्यांची फायबरची चौदा फुटी बोट असते. मागे लहानसं पेट्रोल इंजिन, दोन फळ्या बसायला, कडेने अ‍ॅल्युमिनियमच्या नळीचा कठडा. बोट भावोजींची म्हणायची, पण चालवायची अक्का. इंजिनाचा दांडा हातात धरून ती मागे बसायची आणि भावोजी पुढे पाणकावळे मोजायचे. नजर गेल्यापासून जागांची अदलाबदल झाली होती.

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी मीही त्यांच्याबरोबर गेलो. तलावाच्या मधोमध अक्काने दोन्ही हातांनी फळी घट्ट धरली. "मला गरगरतंय. बोट कुठं वळतेय तेच कळत नाही."

तिचं लक्ष वळावं म्हणून भावोजींनी फोनवर रेडिओ लावला आणि आवाज मोठा व्हावा म्हणून फोन स्टीलच्या पेल्यात उभा केला. पेला फळीवरून घसरला. अक्का हसली, पण फळीवरचे हात तिने काढले नाहीत.

"मी स्पीकर बसवतो," मी म्हणालो. "दोन, दोन्ही बाजूंना. चांगले, पाण्यात चालणारे."

खरं सांगायचं तर अक्काचं गरगरणं थांबेल यापेक्षा मला माझ्या हातांना काम मिळाल्याचा जास्त आनंद झाला होता.

भावोजींनी दोन अटी घातल्या. एक, स्पीकर रोज काढून घरी नेता आले पाहिजेत, कारण क्लबात बोट ताडपत्रीखाली उघड्यावरच असते आणि माकडं काहीही उचकटतात. दुसरी, बोटीला भोक पाडायचं नाही.

"आजपर्यंत तिला एक स्क्रू लागलेला नाही," ते म्हणाले. खोटं नव्हतं. दर रविवारी ते ती बोट पॉलिश करत.

मी आतच बॅटरी असलेले, पाणी न शिरणारे दोन स्पीकर घेतले. आठवडाभर मी संध्याकाळी घरी आलो की जेवणाआधी कठडा कसा पकडायचा याची चित्रं काढायचो. शेवटी ठरवलं की नळीला जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळायचा, त्यावर जुबली क्लिप, म्हणजे गॅसच्या नळीला लावतात तसली पत्र्याची पट्टी आवळायची, आणि त्या पट्टीत स्पीकरचं ब्रॅकेट अडकवायचं.

पुढच्या रविवारी बसवले. धक्क्यावर बोट स्थिर होती तोवर सगळं छान वाटलं. इंजिन सुरू झालं आणि डावा स्पीकर थरथरायला लागला. गाण्यापेक्षा पत्र्याचाच आवाज मोठा. मी पट्टी आणखी आवळायला वाकलो तोच उजवीकडची पट्टी नळीभोवती फिरली आणि स्पीकर तोंड खाली करून पाण्यात गाऊ लागला. दोरी बांधली होती म्हणून तळाशी गेला नाही.

"कोण गुळण्या करतंय?" अक्काने विचारलं.

भावोजी पोट धरून हसले. मला हसू आलं नाही. परत येईपर्यंत मी त्या पट्ट्या आवळत आणि सोडत होतो. बोट धक्क्याला लागल्यावर भावोजी म्हणाले, "जाऊ दे रे. पेला होता तो काय वाईट होता?" आणि अक्काला हात धरून झाडाखालच्या बाकावर बसवून ते कॅन्टीनकडे कॉफी आणायला गेले.

मी त्यांच्या पाठीकडे बघितलं. पिशवीत बॅटरीवरची ड्रिल मशीन होती. ती मी आणलीच का होती, हे मी स्वतःला विचारलं नव्हतं. बोटीच्या काठावर, पाण्याच्या रेषेपासून वीतभर वर, मी ड्रिल टेकवलं. फायबर इतकं सहज कापलं जातं हे मला माहीत नव्हतं. पांढरी भुकटी उडाली आणि टोक पलीकडे निघालं. मग दुसरं भोक. तिसरं पाडताना टोक घसरलं आणि निळ्या रंगावर बोटभर लांब ओरखडा उठला.

मान वर केली तर भावोजी तीन कप घेऊन उभे.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कप खाली ठेवले, ओरखड्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "तुला मी सांगितलं होतं."

"भावोजी, वरच आहे, पाणी नाही येणार…"

"मला कळतं पाणी कुठून येतं ते. चाळीस वर्षं मी विमानांची भोकंच बुजवलीत."

बाकावरून अक्काचा आवाज आला. "काय झालं?"

भावोजींनी माझ्याकडे बघितलं, मी ड्रिलकडे.

"मला दिसत नाही म्हणून कुणी सांगायचंच नाही का?"

"बोटीला भोकं पाडली मी," मी म्हणालो. "अडीच."

अक्का म्हणाली, "पाडली ना? आता नीट बुजवा. दोघं मिळून."

त्या दिवशी मला घरी जावंसं वाटत होतं, आणि जायला पायही उचलत नव्हता. भावोजी मोटारीतून आपली हत्यारांची पेटी घेऊन आले. माझ्याशी न बोलता त्यांनी भोकांच्या कडा पॉलिश कागदाने घासल्या. मग आतून लावायला अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा कापला. "नुसता स्क्रू ठेवलास तर थरथरून फायबर फाटेल. आतून पट्टी हवी, ताण पसरायला हवा." हळूहळू ते सांगत गेले, मी धरत गेलो. स्टेनलेसचे बोल्ट, रबरी वॉशर, भोकांत पाणी अडवणारं सीलंट. बाहेरून एक खाचेची पट्टी बसली. स्पीकर वरून त्या खाचेत सरकवायचा आणि खालची घुंडी हाताने पिळायची. काढताना घुंडी सैल करून वर उचलायचा. दुसऱ्या बाजूची भोकं भावोजींनी स्वतः पाडली.

शेवटी बोटं पुसताना ते हलक्या आवाजात म्हणाले, "ती पेला शोधत ओट्यावर हात फिरवते ना, तेव्हा मला घरात थांबवत नाही. मी इकडे येतो आणि हिला घासत बसतो."

मी सीलंटची ट्यूब बंद केली, पुन्हा उघडली, पुन्हा बंद केली.

सीलंट वाळायला आठवडा दिला. त्या आठवड्यात मी दोनदा ऑफिस सोडून, मेट्रो आणि मग बस करून, त्या भोकांतून पाणी झिरपतं का ते बघायला गेलो. बोट ताडपत्रीखाली कोरड्या जमिनीवर होती. पाणी येणार कुठून? तरी मी बोल्टांभोवती हात फिरवून बघितला.

रविवारी स्पीकर वाजले. स्वच्छ, थरथर नाही, दोन्ही बाजूंनी सारखे. मी अक्काच्या तोंडाकडे बघत होतो. ती बराच वेळ ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "छान आहे. पण मला अजून गरगरतंय."

"आवाज कमी करू?"

"तसं नव्हे. हे दोन्ही माझ्याबरोबरच फिरतात रे. बोट कुठेही वळली तरी हा डावीकडे, तो उजवीकडे. धक्का कुठे राहिला ते मला कसं कळणार?"

एवढी साधी गोष्ट. पंधरा दिवस मी नळ्या, पट्ट्या आणि बोल्ट मोजत होतो आणि तिला काय हवंय ते एकदाही विचारलं नव्हतं.

भावोजींनी इंजिन बंद केलं. बोट तरंगत राहिली. तेच म्हणाले, "निघतात ना हे? मग एक धक्क्यावर ठेवू."

आम्ही परत आलो. मी डाव्या बाजूची घुंडी सैल केली, स्पीकर उचलून धक्क्याच्या टोकाला ठेवला आणि शेजारी फोन. अक्का म्हणाली, "गाणं नको. गाण्यात माझं लक्ष जातं. कुणीतरी बोलत असेल असं लाव." रेडिओवर एक बाई कन्नडमध्ये नाचणीवर पडणाऱ्या रोगाबद्दल सांगत होती. तेच लावलं. मग अक्का हाताने चाचपत मागच्या फळीवर जाऊन बसली आणि तिने इंजिनाचा दांडा मागितला.

"अक्का, नको," मी म्हणालो.

"तू धक्क्यावर थांब," ती म्हणाली.

भावोजी तिच्या शेजारी बसले. लाइफ जॅकेट दोघांनी घातलीच होती. भावोजींनी बोट साठ-सत्तर पावलांवर नेली, वळवली आणि दांडा तिच्या हातात दिला. ती थोडं अंतर यायची, इंजिन बंद करायची, मान तिरकी करून ऐकायची आणि पुन्हा सुरू करायची. मला ते बघवत नव्हतं. धक्क्याच्या डाव्या कोपऱ्यात बोटी बांधायचा सिमेंटचा खांब आहे. मला वाटलं ती त्याच्यावरच येतेय. तिला वाचवायचं म्हणून मी स्पीकर उचलला आणि उजवीकडे दहा-बारा पावलं चालत गेलो.

बोट एकदम वळली. भावोजी ओरडले, "अगं, सरळ, सरळ!" पुढचं टोक काठच्या दगडांवर घासलं आणि भावोजी गुडघ्यावर पडले. अक्काने इंजिन बंद केलं. बाई नाचणीबद्दल बोलतच होती.

मी पळत गेलो. भावोजींना खरचटलं होतं, तेवढंच. अक्का मात्र पांढरी पडली होती. डॉक्टरांकडे ती अशी दिसली नव्हती.

"तू हललास का?" तिने विचारलं.

"तू खांबावर येतेयस असं वाटलं मला."

"हललास ना?"

"हो."

तिने मोठा श्वास सोडला. "मला वाटलं, आता कानही गेले."

मी तिथेच, ओल्या दगडावर बसलो. तिने हात पुढे केला, चाचपत माझं डोकं शोधलं आणि तो केसांवर ठेवला. लहानपणी शाळेच्या फाटकापाशी ठेवायची तसा नाही. दमलेल्या माणसाने कशाचा तरी आधार घ्यावा तसा.

"पुन्हा करायचंय मला," ती म्हणाली. "पण तू बसून राहणार असशील तरच."

भावोजींनी गुडघ्याला रुमाल बांधला आणि बोट पुन्हा लांब नेली. मी स्पीकर टोकाला ठेवला, त्याच्या मागे मांडी घातली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. इंजिन सुरू व्हायचं, बंद व्हायचं. दोनदा ती भलतीकडे वळली. दोनदा हाक माझ्या तोंडापर्यंत आली. मी ओठ दाबले. भावोजीही काही बोलले नाहीत. दोन्ही वेळा ती थांबली, मान फिरवली आणि आपणच सरळ झाली. शेवटची दहा पावलं तिने इंजिन अगदी मंद ठेवलं होतं. बोट धक्क्याला बांधलेल्या टायरला ठक्क करून लागली.

भावोजींनी दोर टाकला, मी बांधला. अक्का वर आली ती माझा हात धरूनच, पण घाईने नव्हे.

"त्या बाईला नाचणीतलं काही कळत नाही," ती म्हणाली. "औषध कधी मारायचं तेच सांगितलं नाही. की सांगितलं?"

"मी ऐकलं नाही."

"इतका वेळ तिच्याशेजारी बसून?"

"मी इंजिन ऐकत होतो."

अक्का हसली आणि भावोजींना म्हणाली, "याला आधी काहीतरी खायला घाला." भावोजी लंगडत कॅन्टीनकडे निघाले. कधी नव्हे ते मला उठून काही करावंसं वाटलं नाही. अक्का आणि मी तिथेच बसून राहिलो. माझ्या दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या.