आधी समोरची बाजू

दादा गेला हे मुक्ताला मीच सांगितलं. इथं सकाळ होती, तिच्याकडे अमेरिकेत संध्याकाळ. ऑफिसातून निघून ती गाडीत बसली होती. पडद्यावर माझा चेहरा दिसला मात्र, आणि ती म्हणाली, "आत्या, नको सांगूस." मग तिनं विचारलं, "बाबा काही म्हणाले का गं… माझ्यासाठी?" मी म्हटलं, "झोपेतच गेला गं." झोपेत गेला हे खरंच होतं.

श्रीधर, माझा थोरला भाऊ. जन्मभर नाशिकच्या एका लॉ कॉलेजात घटना शिकवली. शिकवायचा आपली, पण जीव जडला होता अमेरिकेच्या घटनेवर. मुलं पाठीमागं 'अमेरिकन सर' म्हणायची, आणि या अमेरिकन सरांनी अमेरिका कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती! वर्गात त्याचा नियम एकच होता… आधी समोरची बाजू मांड, मग आपली. घरातही तेच. मुक्ता आठवीत असताना सहलीला जायचं म्हणून रडत होती, तर हा म्हणाला, "आधी आम्ही का नको म्हणतोय ते सांग." पोरीनं ते इतकं नीट सांगितलं की शेवटी स्वतःच सहलीला गेली नाही. मी तोंडाची फटकळ, मी त्याला चांगलाच झाडला होता. "अरे, पोर आहे की पक्षकार?" तो नुसता हसला.

त्याचं एक लाडकं वाक्य होतं. गुलामगिरी संपल्यावर अमेरिकेनं आपल्या घटनेत घातलेलं. अर्थ एवढाच, की त्या मातीवर जन्मला तो त्या देशाचा, आईबाप कुणी का असेनात. हे वाक्य शिकवताना सर खडू खाली ठेवून ते पाठ म्हणायचे असं त्याचे विद्यार्थी अजून सांगतात. मुक्ता इंजिनिअर होऊन तिकडे निघाली तेव्हा विमानतळावर आम्ही सगळे रडत होतो, आणि हा ऐटीत म्हणतो कसा, "लिहिलेल्या शब्दाला मान देणारा देश आहे, सुमे. काळजी कसली?" तिचा ईशान तिकडे जन्मला तेव्हा यानं पेढ्यांबरोबर ते वाक्यही गल्लीभर वाटलं.

मग तिथल्या सरकारनं हुकूम काढला, की तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्यांना यापुढे मुलं झाली तर ती तिथली नागरिक मानायची नाहीत. कोर्टांनी तो अडवला, पण वाद पेटला तो पेटलाच. मोठमोठे प्राध्यापक लिहायला लागले, की त्या वाक्याचा अर्थ आपण इतकी वर्षं लावत आलो तो मुळात नव्हताच. दुसरे म्हणत, तोच होता. एका जिल्ह्यातल्या न्यायाधीशानं अख्ख्या देशापुरता सरकारचा हात धरावा का, यावर आणखी वेगळं भांडण. दादा मला समजावून सांगायचा, "म्हणजे बघ, नाशिकच्या कोर्टाचा मनाई हुकूम कोल्हापुरात चालवायचा का, असं." मी म्हणायचे, "पोर जन्मलं की जन्मलं. त्याला काय परत पोटात पाठवणार आहेत?" "सुमे, तुला न्यायाधीश करायला हवं होतं," म्हणायचा, पण हसू ओठांवरच राहायचं. समोरच्या बाजूचे लेखही हा शेवटपर्यंत वाचायचा, नियम म्हणजे नियम! एकदा असाच एक लेख संपवून त्यानं चष्मा काढला आणि म्हणाला, "वाईट लिहिलेला नाही गं… तेच तर वाईट आहे." त्या दिवशी तो जेवला नाही.

त्यातच मुक्ताला दुसऱ्यांदा दिवस गेले आणि इकडे दादाच्या स्वादुपिंडात गाठ निघाली. डॉक्टर स्पष्ट बोलले, आता दुखणं कमी करायचं, बाकी काही हातात नाही. वहिनी आधीच गेलेली. मी नाशिकरोडचं घर बंद केलं आणि गंगापूर रोडला त्याच्याकडे राहायला आले. मुक्ताला कळलं तशी ती फोनवर म्हणाली, "बाबा, मी येते."

"आधी समोरची बाजू मांड," दादा म्हणाला.

"बाबा, प्लीज…"

"मांड."

आणि पोटुशी पोर हुंदके देत मांडायला लागली हो! पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलाय. तिथं राहण्यात अडचण नाही, पण एकदा बाहेर पडलं की मुंबईच्या वकिलातीतून नवा शिक्का घेतल्याशिवाय परत जाता यायचं नाही. मुलाखतीच्या तारखा महिनोन्महिने पुढे ढकलल्यात. अडकले तर नोकरी जाईल. ईशान आणि त्याचा बाबा तिकडे राहतील. बाळ इथं झालं तर त्याला तिकडे न्यायलाही व्हिसा लागेल. तिथं झालं तर निकाल लागेपर्यंत निदान कोर्टाच्या मनाईचा आधार आहे. "आता तुझी बाजू," दादा म्हणाला. ती म्हणाली, "मला तुम्हाला बघायचंय. बस." दादा म्हणाला, "ही भावना झाली. मुद्दा नाही."

फोन झाल्यावर मी ताडकन उठले. "आग लाव तुझ्या त्या कायद्याला! एकुलती एक लेक तुझी. 'ये' म्हण. एवढंसं अक्षर जड झालं तुला?" त्यानं माझ्याकडे पाहिलं. "मी म्हटलं तर ती येईल, सुमे," तो म्हणाला. "म्हणून म्हणायचं नाही. आणि तूही तिला काही सांगायचं नाहीस. घे शपथ." दातओठ खात घेतली मी शपथ. मरणाऱ्या माणसाशी किती भांडणार?

माझ्या मुलानं, सचिननं अग्नी दिला. रामकुंडावर गेलो तर तिथं कुठकुठली माणसं आपापल्या माणसाच्या अस्थी घेऊन आलेली. एक कुटुंब पार गुजरातेतून आलं होतं. आणि याच गावची पोर, सख्खी लेक, फोनमधून बघत होती. ऐन अस्थी सोडताना नेटवर्क गेलं. पडद्यावर नुसतं चाक फिरत राहिलं… कुणाच्या नावानं बोटं मोडू मी? सरकारच्या, त्या विद्वानांच्या, की दादाच्याच? जीव नुसता तडफडतो.

मी हे लिहितेय तोवर त्या खटल्याचा निकाल लागलेला नाही. मुक्ताचे दिवस भरत आलेत. दादाचा फोन मी चालू ठेवलाय, कारण ती अजून सवयीनं त्याच नंबरवर फोन करते आणि मी उचलते. परवा म्हणाली, "आत्या, त्यांनी एकदाही 'ये' म्हटलं नाही. शेवटी शेवटी त्यांना मी नकोच होते का गं?" शपथेपायी मी ईशानचा विषय काढला. पण हे पेपरच्या पुरवणीत छापून येईल आणि ती पुरवणी मुक्ता तिकडे नेटवर वाचते. दादा, शपथ मोडतेय मी. काय अपील करायचं ते कर.

मुक्ता, ऐक बाळा. तुझा फोन झाला की तो मला विचारायचा, "सुमे, कट झाला ना नीट? तिला ऐकू जाणार नाही ना?" मी नाही म्हटलं की फोन छातीवर पालथा ठेवायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "ये गं मुक्ता… ये ना लवकर." पुढे आवाज फुटेना, तेव्हाही ओठ हलायचे. रोज म्हणायचा गं. एकही दिवस चुकला नाही.